वाचकांचे प्रश्न : मेंदूतली तार, चालू आणि बंद

मागच्या अंकात कंपवाताविषयी लिहिताना डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा, म्हणजे डीबीएसचा, ओझरता उल्लेख आला होता. मेंदूत खोलवर बारीक तार बसवून छातीच्या कातडीखालच्या बॅटरीतून तिला विजेची स्पंदने पुरवायची, असा हा उपचार आहे. त्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे असून त्यांना नऊ वर्षांपासून कंपवात आहे. गोळीचा परिणाम तीन तासांत उतरतो आणि गोळी लागू असताना मान व हात आपोआप वेडेवाकडे हलत राहतात. डॉक्टरांनी डीबीएस सुचवले आहे. पण घरातले काही जण म्हणतात, की हे अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहे. खरे काय समजावे? (सातारा)

उत्तर : कंपवातापुरते बोलायचे तर प्रयोगाची पातळी केव्हाच मागे पडली आहे. फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९८७ मध्ये आलिम-लुई बेनाबिद हे शल्यविशारद थॅलॅमस या मेंदूतल्या खोल भागाचा एक छोटा अंश जाळून हाताचा कंप थांबवण्याची, त्या काळी रूढ असलेली शस्त्रक्रिया करत असत. जाळण्याआधी जागा बरोबर सापडली आहे ना, हे पाहण्यासाठी सुईतून सौम्य प्रवाह सोडण्याची रीत होती. स्पंदने सेकंदाला शंभरच्या घरात नेली की कंप थांबतो आणि प्रवाह बंद केला की परत येतो, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले. जे जाळून साधायचे ते न जाळता साधत होते आणि नको वाटल्यास थांबवताही येत होते. पुढे १९९० मध्ये अमेरिकेत माहलॉन डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवातासारखी लक्षणे निर्माण केलेल्या माकडांमध्ये सबथॅलॅमिक केंद्रक, म्हणजे थॅलॅमसखालचा छोटा पेशीपुंज, निकामी केल्यावर हालचाली सुधारतात, असे दाखवले. त्या आधारावर १९९३ मध्ये ग्रनोबलच्याच चमूने रुग्णांच्या त्या केंद्रकात तार बसवली, आणि आज तुमच्या वडिलांना सुचवलेली शस्त्रक्रिया बहुधा तीच असावी.

पुरावा म्हणाल तर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली, २५५ रुग्णांची अमेरिकी चाचणी पाहावी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून काहींना डीबीएस आणि बाकीच्यांना उत्तमोत्तम औषधोपचार देण्यात आला. सहा महिन्यांनंतर डीबीएस गटाच्या दिवसात, अनैच्छिक हालचालींचा त्रास नसलेला चांगला वेळ सरासरी ४.६ तासांनी वाढला होता. औषधांच्या गटात तो जराही वाढला नव्हता. मात्र गंभीर स्वरूपाचे त्रास डीबीएस गटातील ४० टक्के रुग्णांना झाले, तर औषधांच्या गटात ते प्रमाण ११ टक्के होते. एक रुग्ण मेंदूतील रक्तस्रावामुळे दगावलाही. हे दोन्ही आकडे एकाच शोधनिबंधात आहेत. माहितीपत्रकांत मात्र बहुधा पहिलाच छापलेला आढळतो.

वडिलांना उपयोग होईल का, याचा बराचसा अंदाज आधी बांधता येतो. रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी रुग्णाला तपासतात : अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावतात, खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगतात, खोलीच्या टोकापर्यंत चालवून वळायला लावतात. मग गोळी देऊन, ती लागू झाल्यावर, हेच सगळे पुन्हा करून घेतात. गोळीने जे सुधारते ते बहुतेक डीबीएसने सुधारते. गोळीने जे सुधारत नाही त्याची आशा ठेवू नये. कंप हा याला अपवाद आहे, कारण गोळीला न जुमानणारा कंपही तारेने थांबतो. गोळी लागू असतानाही तोल जाणे, बोलणे अस्पष्ट होणे आणि विसराळूपणा यांवर मात्र हा इलाज नाही. मूळ रोगाची वाटचालही त्याने थांबत नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अकरा वर्षे तीव्र नैराश्याने आजारी आहे. औषधे, मानसोपचार, विजेचे झटके हे सगळे करून झाले. एका लेखात वाचले, की मेंदूत तार बसवताच टेबलावरच रुग्णाचे मन हलके झाले. दुसऱ्या लेखात वाचले, की अशीच चाचणी अपयशी ठरून मध्येच थांबवली. कोणावर विश्वास ठेवावा? (नागपूर)

उत्तर : दोन्हींवर ठेवावा, कारण दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. हेलन मेबर्ग आणि आंद्रेस लोझानो यांनी टोरांटो येथे सहा रुग्णांच्या मेंदूत, ‘क्षेत्र २५’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाजवळ तारा बसवल्या आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रवाह सुरू करताच काही रुग्णांनी एकाएकी शांत वाटल्याचे, आजूबाजूचे रंग अधिक ठळक दिसू लागल्याचे सांगितले, आणि सहा महिन्यांनी सहापैकी चौघांमध्ये लक्षणीय सुधारणा होती. साऱ्या उपायांनी हात टेकलेल्या रुग्णांमध्ये हे दिसल्यावर आशा उसळली, यात नवल नाही.

त्यानंतर एका उपकरण-कंपनीच्या खर्चाने मोठी चाचणी झाली. ९० रुग्णांना तारा बसवल्या. सहा महिने त्यांपैकी ६० जणांचे यंत्र चालू आणि ३० जणांचे बंद ठेवले, आणि कोणाचे काय आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यालाही नव्हते. चालू गटात २० टक्के रुग्ण सुधारले, बंद गटात १७ टक्के. मधल्या टप्प्यावरच्या हिशेबात यशाची शक्यता फारशी दिसेना, तेव्हा नवे रुग्ण घेणे थांबवले. मेंदूतील दुसरी जागा निवडून ३० रुग्णांवर केलेल्या वेगळ्या चाचणीतही १६ आठवड्यांनी हाच सूर उमटला.

येथे थोडे थांबून वेळेचा विचार केला पाहिजे. हात थरथरण्याचा विकार असलेला रुग्ण यंत्र जुळवून घ्यायला येतो तेव्हा मी त्याला एका पेल्यातले पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला सांगतो. यंत्र बंद असताना निम्मे पाणी टेबलावर सांडते. चालू केले की काही सेकंदांत हात स्थिर होतो आणि रुग्ण स्वतःच्याच हाताकडे पाहत राहतो. तारेच्या टोकाजवळच्या संपर्कपट्ट्यांपैकी कोणत्या पट्टीतून प्रवाह सोडायचा ते निवडणे, प्रवाह कमी-जास्त करणे हे सगळे त्या पेल्याकडे पाहत करता येते. डिस्टोनियात, म्हणजे मान किंवा अंग पिळवटून धरणाऱ्या विकारात, हाच परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. नैराश्यात तर पेलाच नाही. आज केलेला बदल योग्य होता की नाही, हे कित्येक आठवड्यांनी कळायचे, आणि तेही रुग्णाच्या सांगण्यावरून. कंपाच्या तालावर आखलेली सहा महिन्यांची मुदत अशा आजाराला लावली, तर यंत्र नीट जुळण्याआधीच निकाल लागण्याचा धोका असतो.

नेदरलँड्समधील संशोधकांनी म्हणून क्रम उलटवला. त्यांनी २५ रुग्णांचे यंत्र आधी साधारण वर्षभर उघडपणे जुळवले. त्यात दहा जण, म्हणजे ४० टक्के, सुधारले. मग १६ रुग्णांचे यंत्र, त्यांना कळू न देता, काही काळ चालू आणि काही काळ बंद ठेवले. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात चालू-बंद अवस्थांमधला फरक स्पष्ट दिसला. मला हा आराखडा अधिक समंजस वाटतो. पण त्याचीही एक खोट सांगितली पाहिजे. वर्षभर बरे वाटल्यानंतर यंत्र बंद झाले की रुग्णाला त्याचा सुगावा लागतो, आणि सुगावा लागला की तुलना निर्भेळ राहत नाही. पहिल्या मोठ्या चाचणीतील रुग्णांचे यंत्र पुढे सर्वांसाठी सुरू केले तेव्हा दोन वर्षांअखेर जवळजवळ निम्मे सुधारलेले आढळले. परंतु तुलनेला बंद गट उरलेला नसल्यामुळे तो आकडा पुरावा म्हणून मी वापरणार नाही.

आपल्या भावाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की नैराश्यासाठी डीबीएस हा आज संशोधनाचा विषय आहे. नेहमीचा उपचार म्हणून, भरघोस आश्वासन देऊन, पैसे घेऊन तो कोणी करू पाहत असेल तर होकार देऊ नये. मंत्रचळाच्या (ओसीडी, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती टाळता न येण्याच्या विकाराच्या) अतितीव्र रुग्णांबाबत चित्र थोडे वेगळे आहे. फ्रान्समधील १६ रुग्णांच्या २००८ च्या चाचणीत लक्षणांच्या मोजपट्टीवरील सरासरी गुण यंत्र बंद असताना २८ आणि चालू असताना १९ आले, आणि २००९ मध्ये अमेरिकेने अशा रुग्णांसाठी मर्यादित परवानगी दिली.

प्रश्न : कवटीला छिद्र पाडून तार बसवायची आणि मग मुद्दाम बटण बंद ठेवायचे, ही रुग्णाची फसवणूक नव्हे काय? (पणजी)

उत्तर : रुग्णाला आधी सांगितले नसेल तर फसवणूकच, सांगून, समजावून, लेखी संमती घेतली असेल तर नव्हे. बंद गटावाचून भागत का नाही, तेही सांगतो. तार आत शिरताना आजूबाजूच्या पेशींना जी किंचित इजा होते, तिच्यामुळेच कित्येकदा लक्षणे काही दिवस किंवा आठवडे कमी होतात. कंप असलेला रुग्ण यंत्र सुरू होण्याआधीच ‘बरे वाटते’ म्हणतो, हे आम्ही नेहमी पाहतो. शिवाय एवढे मोठे दिव्य करून आलेल्या माणसाला आशेनेही बरे वाटते. वरच्या चाचणीतील बंद गटाचे १७ टक्के आठवा; ते गाळून पाहिले असते तर चालू गटातील २० टक्के सुधारणेचे सगळे श्रेय विजेला गेले असते. बंद गटालाही ठरलेल्या मुदतीनंतर यंत्र सुरू करून दिले जाते, ही अट मात्र संमतिपत्रात असलीच पाहिजे.

प्रश्न : अशा संशोधनात सहभागी होण्याविषयी आम्हाला विचारण्यात आले आहे. होकार देण्याआधी काय पाहावे? आणि स्मृतिभ्रंशावरही डीबीएस होते, हे खरे का? (कोल्हापूर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. अल्झायमरच्या ४२ रुग्णांमध्ये मेंदूतील फॉर्निक्स या स्मृतीशी संबंधित भागाचे उद्दीपन करून पाहिले गेले; वर्षअखेर चालू आणि बंद गटांत एकंदर ठळक फरक दिसला नाही. स्मृतिभ्रंशासाठी सध्या त्या वाटेला जाऊ नये.

संशोधनाची नोंद भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदणी केंद्राकडे झाली आहे का, ते क्रमांक मागून संकेतस्थळावर स्वतः पाहावे. आजार मानसिक असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ९६ ध्यानात ठेवावे : मानसिक आजारावरील मेंदूची शस्त्रक्रिया रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी या दोहोंवाचून करता येत नाही. ‘घरच्यांनी सही केली की झाले’ असे कोणी म्हणाले, तर तेथूनच परत फिरावे.

त्यानंतरचे प्रश्न रोकड्या व्यवहाराचे आहेत, आणि माझा अनुभव असा, की तेच विचारायचे राहून जातात. न चार्ज होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे चालते. संशोधन दोन वर्षांत संपले तर पुढची बॅटरी कोणाच्या खर्चाने बदलायची? इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोणाकडे? यंत्र जुळवायला दर खेपेस किती लांब जावे लागेल, आणि ते जुळवणारी व्यक्ती संस्था सोडून गेली तर पर्यायी व्यवस्था काय? या सगळ्याची उत्तरे लेखी घ्यावीत. यंत्राचे ओळखपत्र नेहमी खिशात असावे. एमआरआय काढण्यापूर्वी ते दाखवावे, आणि गुडघा किंवा कंबर दुखते म्हणून फिजिओथेरपीला गेल्यास आधी दाखवावे. तेथे डायथर्मी नावाचा जो विजेचा शेक देतात, त्याची ऊर्जा तारेतून मेंदूपर्यंत पोहोचून जीवघेणी इजा होऊ शकते. साध्या गरम पाण्याच्या पिशवीला तशी हरकत नाही.