व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: तारीख ठीक आहे, एक दिवस वाढवा

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन उत्तराखंडातल्या या फुलांच्या दरीकडे निघताय, दरीसाठी एकच दिवस ठेवलाय, आणि बहर नेमका सापडेल का असं विचारलंत. तारीख उत्तम आहे, ती बदलू नका. एका दिवसाचे मात्र दोन करा.

कासचे गालिचे पाहिलेला माणूस इथे पहिल्या तासात हिरमुसतो. मीही हिरमुसलो होतो. एकाच रंगाचा सडा इथे क्वचित. कंबरभर हिरव्या रानात शंभर तऱ्हा मिसळलेल्या. मे-जूनमध्ये बर्फ वितळतो तोही सगळीकडे एकदम नाही, उन्हाच्या अंगाला आधी आणि घळींमध्ये उशिरा. बर्फ हटला की त्या जागेचा हंगाम सुरू. म्हणून वाटेवर सुकून गेलेलं फूल थोडं पुढे घळीच्या काठाला नुकतंच उमललेलं भेटतं. जूनमध्ये प्रिम्युला आणि ॲनिमोनी, आणि जुलै सरता सरता गुलाबी तेरडा. होय, आपल्या तेरड्याचाच भाऊबंद, फक्त कासवर वीतभर असतो तो इथे माणसाच्या डोक्याला लागतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, हा बेटा ऑगस्टभर टिकतो. पिकलेल्या शेंगेला बाही घासली की फट्कन उकलून बिया उडवायची खोड तेवढी तीच!

निळी पॉपी शोधायची तर गर्दी जिथे फोटो काढते तिथे नाही, खडकाळ उतारावर बघा. देठावर पिवळसर काटे, पाकळ्या पतंगाच्या कागदासारख्या, मध्ये सोनेरी केसरांचा झुपका. मला पहिल्या दिवशी एकही दिसली नाही. दुसऱ्या दिवशी जोडे बांधायला एका दगडावर टेकलो, तर गुडघ्याशी तीन. दोन दिवस ठेवा म्हणतो ते यासाठीच. शिवाय एक दिवस पाऊस खातोच.

पांढऱ्या तुऱ्यांची एक दाट, उंच झाडी दिसेल, तिच्यावर फार भाळू नका. ते पॉलिगोनम. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, मेंढपाळांची चराई थांबली, आणि पुढे हे तण इतकं माजलं की वनखात्याला ते उपटावं लागतं. चराई थांबल्यामुळेच ते माजलं का, यावर वाद आहे. ते उपटलेले पट्टे बघितल्यावर मला मेंढरांची बाजू पटते.

आता आई-वडील. बहुतेकांना माहीत नसलेली गंमत अशी, की दरीखालच्या मुक्कामाच्या घांघरिया गावाहून हेमकुंड या शिखांच्या तीर्थस्थानाला खेचर जातं, दरीत जात नाही. म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला चार हजार मीटरच्या वरचं हेमकुंड जमतं आणि त्याहून कितीतरी खालची दरी अडते. दरीत चालायचं, नाहीतर कंडीत, म्हणजे माणसाच्या पाठीवरच्या टोपलीत बसायचं. पुष्पावती नदीचा पूल ओलांडला की एक दमछाक करणारा चढ आहे; वडिलांना तेवढा जमला तर पुढची वाट बरीच सोपी. आई थकल्या तर दरीचं तोंड बघून परतल्या तरी चालेल, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना खेचरावरून हेमकुंडला पाठवा. ब्रह्मकमळ तिकडेच बघायचं. लंगरमधली गरम खिचडी आणि चहा घेतल्याशिवाय उतरू नका.

हरिद्वारहून पहाटे निघून जोशीमठला मुक्काम करा. एका दिवसात घांघरिया गाठायचा अट्टहास नको. पावसाळ्यात दरडी कोसळतात, म्हणून परतीच्या गाडीआधी एक मोकळा दिवस हातात हवाच. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, मग साधारण दहा किलोमीटर चढ. घांघरिया तीन हजार मीटरवर आहे, तिथे पोचल्यावर संध्याकाळी धावपळ करू नका, रात्री डोकं धरतं. दरीत मुक्कामाला परवानगी नाही आणि दुपारनंतर आत सोडत नाहीत. सकाळी फाटक उघडताच आत शिरा, तरच जोन लेगच्या समाधीपर्यंत निवांत जाऊन येता येतं. वनस्पती गोळा करायला आलेली ही बाई 1939 मध्ये इथेच कड्यावरून घसरून गेली. दगड तिच्या बहिणीने नंतर येऊन बसवला. बहुतेक लोक त्याच्या अलीकडूनच वळतात, त्यामुळे तिथे शांतता असते.

छत्री घरीच ठेवा, दोन्ही हात मोकळे लागतात. सॅकसकट अंग झाकणारा पोंचो घ्या, थोडक्यात आपलं इरलंच. रोख पैसे जोशीमठलाच काढून घ्या. आणि वडिलांचे जोडे नवेकोरे असतील तर आजपासूनच घालून फिरायला सांगा.