नामिबियाच्या वाळवंटात प्राणी खरंच दिसतात का? कुठे आणि कधी जावं?

दिसतात. पण प्रश्नातला ‘खरंच’ वाचला आणि आमचा दादा आठवला, म्हणून लिहायला बसले.

दोन्ही कुटुंबं मिळून गेलो होतो. समुद्रकाठच्या स्वाकोपमुंड शहराजवळच्या वाळूच्या टेकड्यांत सकाळची फेरी होती. वाटाड्या गाडी थांबवून उतरला, उकिडवा बसला आणि नुसतं बोट दाखवलं. मला वाळूच दिसत होती. दादा गाडीतूनच म्हणाला, “याच्यासाठी एवढे पैसे भरले?” मी आणि वहिनी बघत राहिलो. बऱ्याच वेळाने दोन कण बाकीच्यांपेक्षा वेगळे वाटले. ते डोळे होते! पेरिंगेचा साप, आपल्या फुरशाच्याच कुळातला, जेमतेम वीतभर. याचे डोळे बाजूला नसतात, माथ्यावर असतात. सगळं अंग वाळूत पुरायचं, शेपटीचं टोक तेवढं वर ठेवून हलवायचं आणि ते किडा समजून पाल जवळ आली की झडप. पाऊस तिथे नावालाच. समुद्रावरून धुकं येतं, ते अंगावरच्या खवल्यांवर साचतं आणि हा ते चाटून पितो. माझ्यासाठी अख्खी सहल तिथेच वसूल झाली.

दादा आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतो, “नामिबियात काही नाही, मसाई माराला जा.” अरे, तू गाडीतून उतरलाच नाहीस!

मोठे प्राणी हवे असतील तर उत्तरेला एटोशा राष्ट्रीय उद्यान. ऑगस्ट ते ऑक्टोबर. तेव्हा ठरावीक पाणवठे सोडले तर पाणी कुठेच नसतं, सगळ्यांना तिथे यावंच लागतं. दिवसभर गाडी पिटाळणं शुद्ध वेडेपणा आहे. दादाने तेच केलं आणि संध्याकाळी धूळ खाऊन परतला. आम्ही दोघी एटोशातल्याच ओकाकुएयोच्या मुक्कामातल्या पाणवठ्यावर बसून होतो. तिथे रात्रभर दिवे असतात. रात्री काळ्या गेंड्याची मादी पिल्लाला घेऊन आली. इतकी शांतता होती की ती पाणी ओढून घेत होती तो आवाज कठड्यापर्यंत येत होता. दादा खोलीत झोपला होता.

हो, ऑक्टोबरात ऊन फार असतं, लहान मुलं असतील तर ऑगस्टच बरा. एटोशाकडे मलेरिया असतो, निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि स्वतः गाडी चालवणार असाल तर नामिब वाळवंटातल्या खडीच्या माळावर रस्ता सोडून चाक घालू नका. तिथे उठलेले माग कित्येक दशकं पुसले जात नाहीत.