फुंकर मारल्यावर कागद वर का येतो?

प्रश्न : माझी लेक सातवीत आहे. कागदाची पट्टी खालच्या ओठाशी धरायची, वरून फुंकर मारायची की पट्टी वर उचलली जाते, हा प्रयोग तिने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घेतला. ‘वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी असतो, म्हणून’ असं आम्ही तक्त्यावर लिहिलं. मग तिने पट्टी सरळ खाली लोंबती धरून एकाच बाजूने फुंकर मारली, तर पट्टी फुंकरीकडे आलीच नाही. आता ती तक्ता लावायला तयार नाही. काय सांगू तिला?
— एक आई, सातारा

उत्तर : तक्ता लावू नका, तिचं बरोबर आहे. तुमचं वाक्य पुष्कळ पुस्तकांत छापलेलं आहे आणि ते खोडून काढायला लोंबत्या पट्टीइतका चांगला पुरावा नाही.

त्या वाक्यामागे बर्नुलीचा नियम सांगतात : प्रवाहाचा वेग वाढतो तिथे दाब कमी होतो. हा नियम १७३८ सालचा, आणि पक्का. पण तो एकाच प्रवाहातल्या दोन जागांची तुलना करतो. तोंडातून निघालेली फुंकर आणि खोलीतली स्थिर हवा यांची नाही. फुंकरीला वेग आपल्या छातीने दिलेला असतो. मोकळ्यावर आलेल्या फुंकरीचा दाब भोवतालच्या हवेइतकाच राहतो. म्हणून लोंबती पट्टी ढिम्म.

ओठाशी धरलेली पट्टी मात्र वजनाने पुढे वाकलेली असते, आणि फुंकर त्या वाकाला धरून खाली वळते. दोरीला बांधलेला दगड गरगर फिरवायचा तर दोरी सतत आत ओढावी लागते. हवेलाही वळायला असाच आतल्या बाजूला जोर लागतो, आणि तो दाबातल्या फरकातून मिळतो : बाहेर खोलीतला नेहमीचा दाब, कागदालगत जरासा कमी. पट्टीच्या खालून मात्र नेहमीचाच दाब. झालं, पट्टी वर! हवा खाली वळली, कागद वर गेला. न्यूटनचा तिसरा नियम इथे डोळ्यांना दिसतो. नीट बघा, पट्टी साधारण आडवी होते आणि तिथेच फडफडत राहते. वाक संपला की उचल संपली.

हा फरक किती लागतो? ३ सेंमी रुंद, २० सेंमी लांब पट्टी साध्या ८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागदाची असेल तर जेमतेम अर्धा ग्रॅम भरते. तिला तोलायला हवेच्या दाबाच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी फरक पुरतो. मला या प्रयोगातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

वाक खरंच काम करतो हे पाण्यातही दाखवा. चमचा दांड्याच्या टोकाला दोन बोटांत सैल धरा आणि त्याची फुगीर पाठ नळाच्या बारीक धारेला अलगद लावा. धार चमच्याला ढकलेल असं वाटतं. तो उलट धारेत ओढला जातो, आणि पाणी पाठीवरून वळून तिरकं पडतं.

प्रदर्शनात दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवा, वाकलेली आणि लोंबती. बघणाऱ्याला आधी विचारा, काय होईल? जागा असेल तर गोल बाटलीमागे चार बोटांवर मेणबत्ती लावा (मोठं माणूस जवळ हवं) आणि बाटलीवर जोरात फुंकर मारायला सांगा. ज्योत विझते. बाटलीच्या जागी तेवढ्याच रुंदीचं पुस्तक उभं करा, ती विझत नाही. फुंकर मात्र ज्योतीच्याच उंचीवर हवी आणि खोलीतला पंखा बंद.