दूरदर्शनवरचा ब्योमकेश बक्षी आजही इतका खरा का वाटतो?

तुमचा प्रश्न असा आहे की करमचंद झाला, सीआयडी झालं, आता ओटीटीवर दर आठवड्याला नवा गुप्तहेर येतोय, तरी १९९३ सालचा ब्योमकेश बक्षीच लोकांना खरा का वाटतो. आणि पुण्यात त्याचं नाव काढलं की चाळिशी-पन्नाशीतली माणसं एवढी का खुलतात.

माझ्या मते कारण एकच: त्याच्याकडे येणारी प्रकरणं घरातली असतात. मी शिवाजीनगर कोर्टाच्या जवळ एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. आमच्याकडे खून-दरोडे येत नाहीत. येतात मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं आणि पेठेतल्या वाड्यांच्या वाटण्या. धाकटी सून उलट बोलली म्हणून धाकट्याचं नाव काढायला आलेले आजोबा दिवाळीनंतर थोरल्याचं नाव काढायला पुन्हा आमच्याच खुर्चीत बसलेले असतात. तेव्हा मालिकेत करालीबाबू नावाचा खडूस, पैसेवाला म्हातारा बघताना मला काही कलकत्त्यात गेल्यासारखं वाटत नाही. हे गृहस्थ सांभाळलेल्या भाचे-पुतण्यांपैकी एकावर मर्जी खप्पा झाली की लगेच विल बदलतात आणि सगळं दुसऱ्याच्या नावे करून टाकतात. मग एके सकाळी ते मेलेले सापडतात आणि घरातला प्रत्येकजण संशयित, कारण आठवड्याच्या हिशेबाने प्रत्येकजण कधी ना कधी वारस होता.

इथे कायद्याची गंमत बघा. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात (कलम ६३). ते रजिस्टर केलंच पाहिजे असं नाही. आणि सगळ्यात शेवटी केलेलं जे, ते चालतं. म्हणजे साध्या कागदावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन एखादा म्हातारा संध्याकाळी अख्ख्या घराचं गणित फिरवू शकतो, आणि सकाळपर्यंत ते कोणाला ठाऊकही नसतं. पण खून करणाऱ्याला मेलेल्या माणसाची मिळकत मिळत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात ते कलम २५ मध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि तत्त्व त्याहून जुनं आहे. त्यामुळे इस्टेटीसाठी खून करणाऱ्याने पकडलं जाऊन चालतच नाही. फाशी राहू दे बाजूला, ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातचं जातं. म्हणून या गोष्टींतले खुनी पिस्तूल घेऊन धावत नाहीत. ते शांत असतात, सभ्य असतात, तेराव्याच्या जेवणाला पंगतीत वाढायलाही उभे राहतील. ब्योमकेशच्या मूळ बंगाली गोष्टी लिहिणारे शरदिंदु बंद्योपाध्याय मुळात वकिलीचं शिक्षण घेतलेले, वकिली केलेले गृहस्थ. त्यांना हे नेमकं माहीत होतं.

दुसरी गोष्ट, ब्योमकेशच्या हातात अधिकार काहीच नाही. सीआयडीत (१९९८ पासून) दया दरवाजा तोडतो. ब्योमकेशला दार वाजवून 'आत येऊ का' विचारावं लागतं. आपल्याकडे खासगी गुप्तहेराला आजही कायद्याने काडीचाही अधिकार नाही. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे, डिटेक्टिव्ह एजन्सींसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, ते काही पार पडलं नाही. पुण्यातले खरे डिटेक्टिव्ह काय करतात? मुख्यतः लग्नाआधीची चौकशी. मुलगा सांगतो तिथेच नोकरीला आहे का, पगार तेवढाच आहे का, आधीचं एखादं लग्न लपवलंय का. त्यांनाही सोसायटीच्या वॉचमनशी, इस्त्रीवाल्याशी, खालच्या किराणा दुकानदाराशी गप्पा मारूनच माहिती काढावी लागते.

ब्योमकेशचंही तेच. मालिका परत लावलीत तर एक गोष्ट जरूर बघा. ब्योमकेश झालेला रजित कपूर प्रश्न विचारतो, उत्तर मिळतं, आणि तो पुढचा प्रश्न लगेच विचारत नाही. सिगारेट हातात, नजर समोरच्यावर, चेहऱ्यावर साधं कुतूहल. समोरच्याला ती शांतता जड जाते आणि तो आपणहून एक वाक्य जास्त बोलून जातो. धागा त्या जास्तीच्या वाक्यातून सुटतो. आमचे वकीलसाहेब उलटतपासणीत हेच करतात. त्यांनी ते मालिका बघून उचललं की कोर्टात मुरल्यामुळे आलं, कोण जाणे.

करमचंदला मी कमी लेखत नाही. १९८५ साली पंकज कपूरने गाजर खात, काळा चष्मा लावून, सहायक किटीला गप्प करत जी धमाल उडवली, ती आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. पण करमचंद बघताना आपण करमचंदला बघतो. खून कोणी केला हे दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. ब्योमकेश बघताना त्या घरातली माणसं लक्षात राहतात. याचं श्रेय दिग्दर्शक बासू चॅटर्जींना. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात' करणारा माणूस गुप्तहेर मालिका करतो तेव्हा धुकं, सावल्या, धावाधाव असलं काही त्याला नको असतं. त्याला दिवाणखाना लागतो, चहाची कपबशी लागते, आणि मधल्या दारातून डोकावणारी एखादी विधवा आत्या. प्रिया तेंडुलकरच्या 'रजनी'चे काही भागही त्यांनीच केलेले. जाता जाता सांगते, त्यांच्याच १९८६ च्या 'एक रुका हुआ फैसला'मध्ये करमचंदवाला पंकज कपूर आणि ब्योमकेशचा मित्र अजित झालेला के. के. रैना एकाच टेबलाशी बसून भांडतात. एकजण आरोपीला फासावर चढवायला निघालेला, दुसरा सगळ्यांच्या विरोधात 'जरा थांबा, विचार करू' म्हणणारा. दोन्ही मालिका पाहिलेल्यांनी तो सिनेमा बघावाच.

अजित आणि ब्योमकेशची ओळख होते ती मेसमध्ये, म्हणजे कलकत्त्यात जिथे राहायची-जेवायची सोय असते तिथे. अजित एका खोलीत राहतोय, एक अनोळखी तरुण जागा शोधत येतो, खोटं नाव सांगतो, आणि अजित त्याला आपल्या खोलीत घेतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मेस चालवणारे डॉक्टर होमिओपॅथीच्या पुड्या देणारे, सगळ्यांशी गोड बोलणारे. पुढचं सांगत नाही, पण पहिल्या भागापासूनच तुम्हाला कळतं की या मालिकेत फार गोड माणसाकडे जरा नीट बघायचं.

आणि सत्यवती. गुप्तहेराला बायको द्यायची हिंमत फार कमी लेखकांना होते. ब्योमकेश एका खुनाच्या तपासात तिला भेटतो. तिचा भाऊ संशयात अडकलेला असतो. पुढे लग्न होतं, मूल होतं, रुसवेफुगवे होतात. मालिकेत ती भूमिका सुकन्या कुलकर्णीने केली. आमच्याकडे मावश्या-आत्यांनी 'आपली सुकन्या आहे' म्हणूनच मालिका बघायला सुरुवात केली, मग खुनाचे तर्क लढवण्यात त्याच सगळ्यांच्या पुढे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या माझ्या काकांना मात्र हा गुप्तहेर पचला नाही. "धोतर नेसून बायकोला विचारून बाहेर पडतो, हा कसला डिटेक्टिव्ह?" हा त्यांचा कायमचा आक्षेप. मला तेच आवडतं. खुनाचा विचार करतानाही ज्याला संध्याकाळी वेळेवर घरी परतायचंय असा माणूस.

आता पुण्याबद्दल. हे पुष्कळ पुणेकरांनाही माहीत नसतं की ब्योमकेशच्या पूर्ण झालेल्या बत्तीस गोष्टींपैकी बऱ्याचशा पुण्यात लिहिल्या गेल्यात. शरदिंदुबाबू १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईत आले, १९५२ मध्ये सिनेमाला रामराम ठोकून पुण्यात राहायला आले आणि इथेच लिहीत बसले. १९३२ ते १९३६ मध्ये त्यांनी दहा गोष्टी लिहून ब्योमकेशला बाजूला ठेवलं होतं. पंधरा वर्षांनी त्याला परत हातात घेतलं, आणि पुढच्या बहुतेक गोष्टी या पुण्याच्या मुक्कामातल्या. एका गोष्टीत तर ब्योमकेश सीझन संपलेला असताना महाबळेश्वरच्या हॉटेलात येऊन उतरतो आणि तिथल्या भुताची हकीकत अजितला पत्राने कळवतो. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या साहसकथाही त्यांनी बंगालीत लिहिल्या. म्हणजे कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवरचा हा गुप्तहेर अनेक वर्षं पुण्याच्या हवेत वाढलाय. कोथरूड किंवा डेक्कनवर त्यांच्या नावाचा एखादा फलक का नसावा, हे मला कोडंच आहे. इथे तर कोणाच्याही नावाचा चौक होतो.

पुणेकरांना आवडलेला हमखास भाग म्हणजे 'रास्ते का काँटा'. (तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा रहस्य फोडल्याबद्दल रागावू नका. अगदीच पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) भर रस्त्यात चालती माणसं कोसळतात, छातीत ग्रामोफोनची पिन. आवाज नाही, धूर नाही, मारेकरी कुठेच नाही. एक गृहस्थ वाचतो, कारण पिन त्याच्या खिशातल्या घड्याळावर बसते. उलगडा असा की पिन सुटते सायकलच्या घंटीतून. खुनी समोरून सायकलवर येतो, घंटी वाजवतो, माणूस बाजूला व्हायला म्हणून वळतो, आणि स्प्रिंगचा खटका त्या घंटीच्याच आवाजात बुडून जातो. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात हे बघितल्यावर काय होणार? आमच्या गल्लीत पोरं कितीतरी दिवस एकमेकांसमोर येऊन घंटी वाजवायची आणि समोरच्याने छाती धरून पडायचं.

मालिकेत उणिवा आहेतच. सेट गरिबीचे, काही दाढ्या-मिशा लांबूनही चिकटवलेल्या दिसतात, आणि १९९७ च्या दुसऱ्या पर्वातल्या काही गोष्टी मला ताणलेल्या वाटतात. पोलिस अधिकारी कधीकधी उगाच बावळट दाखवलेत. बत्ती पेटायला त्यांना शेवटची पाच मिनिटं लागतात. शिवाय ओळखीचा नट छोट्याशा भूमिकेत दिसला की खुनी तोच, हे आमच्या घरात आजी पहिल्या पाच मिनिटांत जाहीर करायची.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका परत दाखवली, तेव्हा माझ्या कॉलेजातल्या भाचीने ती माझ्याबरोबर बघितली. तिची तक्रार एकच होती की मोबाइल असता तर अर्धे गुन्हे घडलेच नसते. मी म्हटलं, मोबाइल आल्यापासून आमच्या ऑफिसातली एकही फाइल कमी झालेली नाही.

नव्याने बघणार असाल तर 'सत्यान्वेषी'पासून सुरुवात करा, कारण अजितची ओळख तिथे होते. मग 'रास्ते का काँटा', मग करालीबाबूंच्या विलची गोष्ट. दुसऱ्या पर्वातला 'साही का काँटा' नंतर बघा, तो लेखकाच्या उतारवयातला आहे आणि नवरा-बायकोच्या नात्याबद्दल जास्त आहे. आणि घरात सत्तरीपुढचं कोणी असेल, ज्यांनी अजून विल केलेलं नाही, तर करालीबाबूंचा भाग त्यांच्याबरोबर बसून बघू नका. आमच्या एका अशिलाने बघितला आणि सोमवारी सकाळी दहाला ऑफिस उघडायच्या आत पायरीवर हजर.