सायकियाट्रिक नर्सिंगच्या जर्नलमध्ये असोसिएट एडिटर म्हणून बोलावलंय, हे काम नेमकं काय असतं?

तुम्ही लिहिलंय की एका जर्नलसाठी सहा वर्षं पेपर तपासल्यावर आता तिथूनच असोसिएट एडिटर होण्याबद्दल पत्र आलंय. एडिटर-इन-चीफ, असोसिएट एडिटर आणि एडिटोरियल बोर्ड यांत फरक काय, हे पद मानाचं की कामाचं, आणि 'मी डॉक्टर नाही, फक्त परिचारिका आहे, मला हे जमेल का', असे तुमचे प्रश्न आहेत. मी अशाच एका जर्नलमध्ये आधी रिव्ह्यूअर, म्हणजे तुमच्यासारखीच पेपर तपासणारी, होते, मग बोर्डावर आले आणि गेली काही वर्षं असोसिएट एडिटर आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यातला 'फक्त' हा शब्द मला खुपला.

हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेचं नाव तुम्ही शिकवतच असाल. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातल्या नात्यावरचं त्यांचं पुस्तक 1948 साली लिहून तयार होतं, पण छापून आलं 1952 साली. एका परिचारिकेनं डॉक्टर सहलेखक न घेता असं पुस्तक काढावं, हे तेव्हा फार धाडसाचं वाटत होतं. पुढे अकरा वर्षांत अमेरिकेत चित्र बदललं. 1963 मध्ये 'पर्स्पेक्टिव्ह्ज इन सायकियाट्रिक केअर' आणि 'जर्नल ऑफ सायकियाट्रिक नर्सिंग' ही दोन जर्नल्स सुरू झाली. मग 1987 मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ सायकियाट्रिक नर्सिंग' आलं, 1994 मध्ये ब्रिटनमधून 'जर्नल ऑफ सायकियाट्रिक अँड मेंटल हेल्थ नर्सिंग', आणि 1995 मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक नर्सेस असोसिएशनचं स्वतःचं जर्नल. वॉर्डात रात्रभर रुग्णाजवळ जी व्यक्ती असते तिला जे दिसतं, ते छापण्यालायक आहे की नाही हे तिच्याच व्यवसायातल्या माणसानं ठरवावं, यासाठी ही जर्नल्स आहेत. मानसोपचारतज्ज्ञ रिव्ह्यूअर म्हणून हवेतच, संख्याशास्त्राचे जाणकारही हवेत. पण वॉर्डातलं निरीक्षण आणि ऐकीव गोष्ट यांतला फरक ज्या नजरेला लगेच कळतो, ती नजर तुमच्याकडे आहे.

आता पदांबद्दल. एडिटोरियल बोर्डावर तीस-चाळीस नावं असू शकतात. त्यातले काही मनापासून काम करतात, काहींचं नाव फक्त पहिल्या पानावर असतं. बोर्डाचा सदस्य सल्ला देतो, अडलेल्या पेपरला रिव्ह्यू देतो, वर्षातून एक-दोन बैठकांना येतो. मॅनेजिंग एडिटर म्हणजे सगळं हलतं ठेवणारी व्यक्ती: शब्दमर्यादा, एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा उल्लेख, साहित्यचोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल, मुदत उलटलेल्या रिव्ह्यूअरना आठवण. या माणसाशी तुमचं जमलं तर निम्मं काम सोपं होतं. एडिटर-इन-चीफ जर्नलची दिशा ठरवतो, आलेला पेपर पुढे पाठवायचा की दारातूनच परत करायचा ते बघतो, आणि जर्नलच्या मालकापुढे, म्हणजे संघटना किंवा प्रकाशकापुढे, सगळ्याचं उत्तर देतो. असोसिएट एडिटर या सगळ्यांच्या मधोमध असतो. पेपर हातात घ्यायचा, रिव्ह्यूअर शोधायचे, त्यांचं म्हणणं वाचायचं आणि निर्णय लिहायचा.

रिव्ह्यूअरचं नाव झाकलेलं असतं, एडिटरचं नाव पत्राखाली असतं. तुमच्या सहा वर्षांच्या कामात आणि येणाऱ्या कामात मुख्य फरक हाच. रिव्ह्यूअर म्हणून 'लेखकाने अधिक स्पष्टीकरण द्यावे' एवढं लिहून तुम्ही बाजूला होऊ शकत होता. आता किती स्पष्टीकरण पुरे, हे तुम्हालाच सांगावं लागेल.

मी हे चूक करून शिकले. माझ्या पहिल्याच पेपरला दोन रिव्ह्यू आले. एकाचं म्हणणं होतं की सैद्धांतिक चौकट फार तोकडी आहे, वाढवा. दुसरा म्हणत होता की सुरुवातीची चार पानं काढा, थेट वॉर्डावर या. मी दोन्ही रिव्ह्यू जसेच्या तसे चिकटवले, वर 'कृपया सर्व मुद्द्यांना उत्तर द्यावे' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. आठवड्याभरात लेखिकेचं अतिशय नम्र पत्र आलं: या दोघांपैकी मी कुणाचं ऐकू? ती नाइट ड्यूटी करून लिहीत होती आणि तिचा तो पहिला पेपर होता. मी पुन्हा बसले, पेपर नीट वाचला आणि तिला कळवलं की दुसऱ्याचं ऐका, पहिल्याच्या म्हणण्यातला फक्त शेवटचा मुद्दा घ्या. हे मी पहिल्या पत्रातच करायला हवं होतं. तेव्हापासून रिव्ह्यू पाठवताना वर माझं अर्धं पान असतं: काय केलंच पाहिजे, काय केलं तर चांगलं, आणि कोणत्या सूचनेकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. त्या अर्ध्या पानाला कधी दोन तास लागतात.

आपल्या क्षेत्रात अजून एक माणूस असतो, जो या पत्रव्यवहारात कुठेच नसतो: ज्याच्या आजाराबद्दल पेपर आहे तो. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सायकियाट्रिक नर्सिंगचा एडिटर इतर जर्नलच्या एडिटरपेक्षा इथेच वेगळा ठरतो.

रुग्णांना बांधून किंवा एकांतात ठेवण्याच्या अनुभवावर मुलाखतींचा एक अभ्यास माझ्याकडे आला होता. रिव्ह्यूअर दोघंही खूश होते, किरकोळ दुरुस्त्या सांगून स्वीकारा म्हणत होते. एका बाईंचं जवळजवळ दहा ओळींचं बोलणं त्यात शब्दशः दिलं होतं. त्या कोणत्या महिन्यात दाखल झाल्या, घरी कुणावरून भांडण झालं, हातावर कसली खूण आहे, सगळं. मी स्वीकाराचं पत्र तयार केलं. आमच्या एडिटर-इन-चीफनं ते वाचून मला एवढंच विचारलं, "या दहा ओळी त्या बाईंच्या सासरच्या कुणी वाचल्या तर?" नाव बदललेलं होतं, एथिक्स कमिटीची मंजुरी होती, संमतीपत्रावर सही होती. तरीही त्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही त्या ओळखू आल्या असत्या. आम्ही लेखकांना खुणेच्या गोष्टी काढून टाकायला सांगितल्या. चार ओळी उरल्या आणि पेपरचं म्हणणं जराही कमी झालं नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टी हटकून बघते. मुलाखत कुणी घेतली? रोज इंजेक्शन देणाऱ्या, बाहेर सोडायचं की नाही यावर मत देणाऱ्या सिस्टरनंच विचारलं असेल, तर दाखल रुग्ण 'नाही' कसं म्हणणार? गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखती-निरीक्षणांवर आधारलेल्या, अभ्यासांसाठी 2007 पासून कोरेक नावाची 32 मुद्द्यांची यादी आहे. मुलाखत घेणारी व्यक्ती कोण आणि तिचं सहभागी लोकांशी आधीपासून काही नातं होतं का, हे त्यात स्पष्ट विचारलंय. बरेच लेखक ती यादी भरून जोडतात, प्रत्येक मुद्द्यासमोर पान क्रमांक देतात, आणि त्या पानावर गेलं की तिथे काहीच नसतं. ते पान उघडून बघणं हे एडिटरचं काम आहे. रिव्ह्यूअर बघेल असं धरून चालू नका.

भाषेचंही तसंच. 'स्किझोफ्रेनिक' असं माणसालाच आजाराचं नाव दिलेलं दिसलं की मी 'स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती' असं सुचवते. 'नॉन-कम्प्लायंट' वाचलं की विचारते, औषध का घेतलं नाही हे कुणी विचारलं होतं का? आत्महत्येवरच्या पेपरमध्ये पद्धतीचे बारीक तपशील असतील तर ते काढायला सांगते, कारण सुरक्षेचा धडा त्या तपशिलांशिवायही सांगता येतो. काही लेखकांना यात ढवळाढवळ वाटते. त्यांना कारण लिहून दिलं की बहुतेक जण ऐकतात.

वेळेचा हिशेब आधीच करा. माझ्याकडे महिन्याला साधारण तीन-चार पेपर येतात आणि आठवड्याचे चार-पाच तास जातात. त्यातला मोठा वाटा रिव्ह्यूअर शोधण्यात जातो. दोन होकार मिळवायला मला कधी कधी आठ-दहा जणांना विचारावं लागतं. मानधन बहुतेक जर्नल्समध्ये नसतं किंवा नावापुरतं असतं. ओळखीच्या माणसाचा किंवा आपल्याच विभागातला पेपर आला तर त्याच दिवशी कळवून तो दुसऱ्याकडे सोपवा. तुमचा स्वतःचा पेपर त्या जर्नलमध्ये गेला तर त्याचा सगळा प्रवास दुसऱ्या एडिटरकडून व्हावा आणि पेपर हाताळण्याच्या ऑनलाइन प्रणालीत तुम्हाला तो दिसूही नये. अडचणीच्या वेळी कोप (कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स) या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं उघडा. 1997 मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकीय जर्नल्सच्या काही एडिटरनीच ही संस्था सुरू केली. लेखकांची नावं बदलण्यापासून खोट्या डेटाच्या संशयापर्यंत कोणत्या पायरीला काय करायचं, ते तिथे आकृत्यांसह दिलंय.

तुमचं पत्र ओळखीच्या जर्नलकडून आलंय, म्हणून फसवणुकीची भीती कमी. पण हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. 2015 मध्ये पोलंडमधल्या संशोधकांनी 'अॅना ओ. शूस्ट' नावाची खोटी विदुषी उभी केली (पोलिश भाषेत 'ओशूस्ट' म्हणजे ठग) आणि तिच्या नावानं 360 जर्नल्सकडे एडिटरपदासाठी अर्ज केले. तिच्या नावावर धड काम नव्हतं, तरी 48 जर्नल्सनी तिला एडिटर केलं. गेस्ट एडिटरच्या आमंत्रणाबाबतही सावध राहा. हिंदावी या प्रकाशनानं 2023 या एकाच वर्षात 8,000 हून अधिक पेपर मागे घेतले. त्यातले बहुतेक विशेषांकांतले होते, आणि विशेषांक गेस्ट एडिटरच्या हाती असतो. त्या अंकांवर नाव असलेल्या काही प्रामाणिक लोकांनाही त्याचा त्रास झाला.

एडिटर-इन-चीफ आणि मालक यांचं नातं कसं आहे हेही विचारून घ्या. ती तुमची लढाई नसली तरी तिची झळ तुमच्यापर्यंत येते. 1999 च्या जानेवारीत अमेरिकन मेडिकल असोसिएशननं आपल्या 'जामा' या जर्नलचे एडिटर जॉर्ज लुंडबर्ग यांना एक लेख कोणत्या वेळी छापला यावरून काढलं. 2006 मध्ये कॅनडाच्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधून दोन वरिष्ठ एडिटरना हटवलं गेलं आणि बोर्डावरच्या अनेकांनी राजीनामे दिले. एवढ्या मोठ्या जर्नल्समध्ये हे घडू शकतं, तर संपादकीय स्वातंत्र्य कागदावर लिहिलेलं आहे का हे विचारायला लाजायचं कारण नाही.

माझं मत विचाराल तर हो म्हणा, पण आधी मुदत ठरवून घ्या. दोन किंवा तीन वर्षं, मग दोन्ही बाजूंनी पुन्हा विचार. पहिले तीन-चार पेपर कुणा अनुभवी एडिटरच्या सोबतीनं हाताळू द्या अशी विनंती करा, चांगली जर्नल्स ती मान्य करतात. आणि होकाराच्या पत्रातच एक गोष्ट स्पष्ट विचारा: माझा निर्णय अंतिम की शिफारस? दोन्ही पद्धती चालतात, पण तुमची कोणती हे माहीत असायला हवं. मी न विचारता होकार दिला होता. आठ महिन्यांनी एका परिषदेत एक लेखक भेटले आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले की तुमचं नकाराचं पत्र फार कोरडं होतं. मी तर त्यांच्या पेपरला दुरुस्तीची संधी द्या म्हणून लिहिलं होतं. वरच्या पायरीवर निर्णय बदलला होता आणि प्रणालीनं पत्र माझ्या नावानं पाठवलं होतं. कुणाचा वाईट हेतू नव्हता, फक्त कुणी लक्ष दिलं नव्हतं. मी परत आल्यावर ती व्यवस्था बदलायला लावली. आता आमच्याकडे ज्याचा निर्णय असेल त्याचंच नाव पत्राखाली जातं. त्या लेखकांना मी माझं मूळ अर्धं पान, एडिटर-इन-चीफच्या परवानगीनं, नंतर पाठवून दिलं.