घोट्याचं हाड आणि जकार्डचा पुठ्ठा

सोलापूर, रविवार

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. विज्ञान दिनाच्या भाषणानंतर मामांनी चारचौघांत विचारलं, "माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलाय का?" आणि तुला उत्तर सुचलं नाही. किती लागलंय ते अक्षरावरूनच कळलं.

दहावीचा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा तुला मीच शिकवला. शरीरशास्त्रीय पुरावे, अवशेषांगे, पुराजीवविषयक पुरावे, जोडणारे दुवे, ही सगळी नावं तू भाषणात न अडखळता घेतलीस. पण मी ते मुद्दे म्हणून शिकवले आणि तू मुद्दे म्हणून पाठ केलेस. चूक माझी आहे, ती आता दुरुस्त करतो. पुराव्यांची संख्या सांगून कुणाला काही पटत नाही. एकमेकांची ओळखदेखील नसलेली माणसं वेगवेगळ्या वाटांनी निघाली आणि एकाच गावी पोचली, असं झालं की पटतं. म्हणून सगळे पुरावे बाजूला ठेव आणि एकच गोष्ट मुळापासून समजून घे. देवमाशाची घे.

त्यासाठी पुढच्या रविवारी मटणाच्या दुकानात जा आणि बकऱ्याच्या मागच्या पायाचा घोटा माग. त्यात अक्रोडाएवढं एक हाड असतं. वरच्या टोकाला कप्पीसारखी खाच, आणि खालच्या टोकालाही तशीच खाच. गाय, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा, या सगळ्यांच्या घोट्यात अशी दुहेरी कप्पी सापडते. घोड्याच्या घोट्यात कप्पी एकाच बाजूला असते. समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येने खूर असलेल्या, प्राण्यांची ही घराण्याची खूण आहे.

देवमासा सस्तन आहे, म्हणजे त्याचे पूर्वज जमिनीवरचे, हे फार आधी मान्य झालं होतं. पण कुठल्या घराण्यातले? दात आणि कवट्या पाहणारे बरेच जण म्हणत, फार पूर्वी नष्ट झालेल्या खूर असलेल्या मांसाहारी प्राण्यांच्या. 1990 च्या दशकात डीएनए वाचणाऱ्यांनी वेगळंच सांगितलं: देवमाशाचा आजचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे. हाडं पाहणाऱ्यांना ते सहजी पटलं नाही, आणि पटू नये हे योग्यच होतं. आता विचार कर. डीएनएवाले बरोबर असतील तर प्राचीन, पाय असलेल्या देवमाशाच्या घोट्यात दुहेरी कप्पी सापडायलाच हवी. नसेल तर ते चुकले. 2001 साली पाकिस्तानातल्या जीवाश्मांवर काम करणाऱ्या दोन वेगळ्या चमूंनी तशा घोट्यांची हाडं जाहीर केली. दुहेरी कप्पी होती. बकऱ्याच्या घोट्यात आहे तशीच.

याच कहाणीचा एक धागा आपल्या देशातला आहे. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जम्मूच्या राजौरी भागात, कालाकोटजवळ, जीवाश्म असलेले खडक गोळा करून ठेवले होते. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीने ते दगड हान्स थेविसन या संशोधकाकडे सोपवले. दगड साफ करताना एका लहान कवटीचा कानाजवळचा भाग चुकून तुटला, आणि आत कानाच्या हाडाची एक भिंत जाडजूड दिसली. तशी भिंत तोवर फक्त देवमाशांतच माहीत होती. हा इंडोह्यूस, सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराहून थोडा मोठा खूरवाला प्राणी. 2007 साली ते प्रसिद्ध झालं. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटतं. घरात पडलेले दगड कुणीही टाकून दिले असते.

तू विचारलंस, सोलापुरात जीवाश्म का मिळत नाहीत? आपल्या पायाखालचा काळा पाषाण हा थिजलेला लाव्हा आहे, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तापलेल्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे तळ्यांचा गाळ साचला, तिथेच काय ते मिळतं. आणि देवमासा तर आपल्या दगडापेक्षाही अलीकडचा! भुईकोट किल्ल्याच्या भिंतीला हात लावशील तेव्हा आठव, तो दगड थिजला तेव्हा जगात एकही देवमासा नव्हता.

आता मामांच्या प्रश्नाकडे. मामा यंत्रमागावर जन्म काढलेले, तेव्हा त्यांच्याशी चादरीच्या भाषेत बोल. मागावर चादरीची नक्षी ठरते ती जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून. अशा पुठ्ठ्यात एक भोक चुकीच्या जागी पडलं, तर त्या पुठ्ठ्यांवर विणलेल्या प्रत्येक चादरीत, फुलाच्या त्याच पाकळीशी, तोच दोष येतो. त्या पुठ्ठ्यांची नक्कल करून दुसऱ्या कारखान्यात नेली, तर दोषही सोबत जातो. दोन कारखान्यांच्या चादरींत एकाच जागी एकसारखा दोष दिसला, तर मामा काय म्हणतील? पुठ्ठे एकाच संचातले.

बकरी, कुत्रा, उंदीर यांना लिंबू-आवळ्याची गरज नसते. क जीवनसत्त्व त्यांचं शरीरच बनवतं. आपल्याला ते जमत नाही, कारण ते बनवण्याची शेवटची पायरी सांभाळणारं जनुक आपल्यात मोडलेलं आहे. पण ते नाहीसं झालेलं नाही. त्याचे तुकडे आपल्या प्रत्येक पेशीत पडून आहेत. चिंपांझी, ओरांगउटान, मकाक माकड यांच्यातही ते मोडलेलं आहे, आणि मोडल्याच्या खुणा बऱ्याच जागी जुळतात. गिनीपिगमध्येही हे जनुक मोडलं आहे, पण वेगळ्या तऱ्हेनं, कारण तो पुठ्ठा दुसरीकडे फाटला. एखादं चांगलं डिझाईन दोघांनी वापरलं, असं कुणी म्हणू शकेल. चुकीचं भोक दोघांनी मुद्दाम त्याच जागी पाडलं, असं म्हणणं अवघड आहे.

आणि माकडापासून माणूस झाला असं कुणी म्हणतच नाही. तू तुझ्या चुलत बहिणीपासून जन्मलीस का? आजोबा एक, एवढंच.

भाषणातल्या दोन गोष्टी मात्र काढून टाक. वेगवेगळ्या प्राण्यांचे भ्रूण शेजारी-शेजारी दाखवणारी जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलची ती चित्रं मीही वर्षानुवर्षं फळ्यावर काढली. 1874 च्या त्या चित्रांत साम्य वाढवून दाखवलं होतं. भ्रूणांमध्ये साम्य खरंच असतं, पण ते दाखवायला खरे फोटो वापर. आणि अवशेषांग म्हणजे ‘निरुपयोगी अवयव’ असं म्हणू नकोस. मूळ कामापुरता तो क्षीण झालेला असतो, दुसरं एखादं काम करतही असेल. कच्चा पुरावा पुढे केलास की पक्क्या पुराव्यावरचाही विश्वास जातो.

शब्दांकडेही लक्ष दे. ‘उत्क्रांती’ म्हटलं की त्यातल्या ‘उत्’मुळे वर चढणं डोळ्यांपुढे येतं, जणू सगळे जीव माणूस होण्यासाठी रांगेत उभे आहेत. तसं काही नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा जिवाणू आपल्याइतकाच ‘आजचा’ आहे. उलट ‘नुसती थिअरी आहे’ म्हणणाऱ्याला आपला शब्द सांग. आपण सिद्धान्त म्हणतो, आणि त्यात ‘सिद्ध’ आधी येतं.

मामांशी भांडू नकोस. ते तुझ्या शिक्षणासाठी जादा पाळी करतात, आणि त्यांच्या पूजेला या हाडामुळे काही होत नाही. सिद्धेश्वराला जाताना त्यांच्यासोबत जा. परतताना कारखान्यात थांबून पुठ्ठ्याचा प्रश्न त्यांनाच विचार, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

हाड मिळालं तर चांगलं उकळून, खरवडून, उन्हात वाळवून आण. मागच्या पायाचंच आण, पुढच्या पायात ते नसतं.

तुझे सर