‘इंजिनोक्क्यातोयो’ला मराठी शब्द

एका संग्राहकाच्या संग्रहालयातील जुन्या इटालियन वस्तूची पाटी मराठीत लिहिताना ‘इंजिनोक्क्यातोयो’साठी, म्हणजे गुडघे टेकून प्रार्थना करण्याच्या लाकडी सामानासाठी, ‘प्रार्थना-आसन’ हा शब्द चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते तो वापरू नये, आणि त्याचे कारण त्या वस्तूच्या घडणीतच आहे.

१६व्या-१७व्या शतकांतल्या सधन इटालियन घरांत, शयनगृहात किंवा खासगी प्रार्थनागृहात, एकट्या माणसासाठी ठेवलेले हे लाकडी सामान; लाकूड बहुधा अक्रोडाचे. जमिनीलगत गुडघे टेकायची रुंद पायरी, तिच्यामागे छोट्या कपाटासारखा उभा भाग आणि त्यावर कोपरे व प्रार्थनेचे पुस्तक टेकवायची फळी, अशी त्याची रचना असते. पुष्कळदा पायरीची फळी बिजागरीवर उघडते आणि आत पोकळ खण सापडतो. यावर कोणी बसत नाही. ‘आसन’ म्हटल्यावर मात्र मराठी वाचक बसायची जागा शोधू लागतो.

इटालियन नावात प्रार्थनेचा उल्लेखच नाही. ‘जिनोक्क्यो’ म्हणजे गुडघा, त्यावरून गुडघे टेकण्याचे क्रियापद, आणि शेवटचा ‘-तोयो’ हा साधन किंवा स्थान दाखवणारा प्रत्यय. मूळ लॅटिन ‘गेनु’ हा आपल्या ‘आजानुबाहू’मधल्या ‘जानु’चा सख्खा भाऊबंद आहे. देवाची प्रार्थना नावात आणली ती फ्रेंचांनी, ‘प्री-द्यो’ म्हणून.

म्हणून मी ‘गुडघेटेकणी’ सुचवतो. लेखणी, चाळणी, किसणी यांतला साधनवाचक ‘-णी’ मराठीच्या अंगवळणी पडलेला आहे. ‘गुडघे टेकणे’ म्हणजे शरण जाणे, असा आक्षेप कोणी घेईल. पण मराठी ख्रिस्ती लेखनात ‘गुडघे टेकून प्रार्थना करणे’ हा प्रयोग इतका रुळलेला आहे की तो अर्थ आड येत नाही. ‘जानुपीठ’ व्याकरणाने निर्दोष असले तरी पाटीसमोर उभ्या माणसाला त्याचाही अर्थ सांगावा लागेल.

मिलानच्या बागात्ती वाल्सेक्की बंधूंनी १९व्या शतकाच्या अखेरीस प्रबोधनकाळातील सामानाने सजवलेले राहते घर १९९४पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. अशा घरवजा संग्रहालयांत वस्तू पलंग-पेटाऱ्यांच्या सोबतीने मांडलेल्या असतात, तेव्हा वापर नावातूनच कळणे फार मोलाचे ठरते. पाटीवर ‘गुडघेटेकणी (इंजिनोक्क्यातोयो)’ असे लिहावे. चर्चमधील बाकांना जोडलेल्या लांब फळीसाठी मात्र ‘गुडघेपट्टी’ हा वेगळा शब्द ठेवावा.